ड्राइव्हवाला म्हणतो मोटर गेली, मोटरवाला म्हणतो ड्राइव्ह गेला. आता मी काय करू?

अंबडचा_लेथवाला

नमस्कार मंडळी. अंबडला माझं छोटं वर्कशॉप आहे, दोन लेथ आणि एक ड्रिल. मोठ्या लेथला ५ एचपीची मोटर आहे (३.७ किलोवॅट, पाटीवर ७.५ अँपिअर) आणि त्यावर एक सेकंडहँड, बराच जुना व्हीएफडी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारा ड्राइव्ह). जूनच्या पहिल्या पावसात लाइट तीन-चारदा गेली-आली आणि ड्राइव्ह मेला. रिपेअरला दिला. आठ दिवसांनी परत आला तेव्हापासून रन दाबलं की अर्ध्या सेकंदात 'ओसी', म्हणजे ओव्हर करंट.

ड्राइव्हवाला म्हणाला, मोटरचं वाइंडिंग शॉर्ट आहे. मी भोळा, मोटर नव्या वाइंडिंगने भरून घेतली. पैसे मोजले, मोटर बसवली, रन दाबलं, परत ओसी. वाइंडिंगवाला म्हणतो, मोटर माझ्याकडे डायरेक्ट सप्लायवर तासभर फिरली, ड्राइव्ह बघा. ड्राइव्हवाला म्हणतो, माझ्या टेबलावर व्यवस्थित चालतो, मोटर बघा. दोघांचे फोन मीच उचलतोय.

माझ्याकडे मल्टीमीटर आणि क्लॅम्प मीटर आहे. मेगर (इन्सुलेशन तपासायचा मीटर) शेजारच्या शेडमध्ये मिळेल. माझ्या हातांनी, जीव धोक्यात न घालता, दोघांत चुकतंय कोण हे कसं शोधू?

शॉर्टसर्किट

दोघंही खरं बोलतायत. तुमचा लेथ खोटं बोलतोय.

निवृत्त_मेंटेनन्स

लेथवाले भाऊ, "जीव धोक्यात न घालता" हे लिहिलंत म्हणून सविस्तर लिहितो. सातपूरला ३१ वर्षं मेंटेनन्समध्ये काढली, त्यातले तीन झटके अजून लक्षात आहेत.

४१५ व्होल्टचा सप्लाय ड्राइव्हमध्ये शिरला की रेक्टिफायरनंतर त्याचा डीसी होतो, ४१५ गुणिले १.४१, साधारण ५८६ व्होल्ट. हा डीसी मोठ्या कपॅसिटरमध्ये साठलेला असतो. तुम्ही मेन बंद केला, डिस्प्ले विझला, तरी तो आत बसलेला असतो. कव्हरवर ५ किंवा १० मिनिटं थांबा असं लिहिलेलं असतं ते याचसाठी.

पण थांबणं पुरेसं नाही. एकदा आमच्याकडे पंख्याच्या ड्राइव्हचा ब्लीडर रेझिस्टर (कपॅसिटर हळूहळू खाली करणारा) उघडा पडला होता. मेन बंद करून आम्ही चहाला गेलो, पाऊण तासाने आलो. चार्जचा लाल दिवापण विझलेला. सवयीने मीटर लावला तर ३४० व्होल्ट डीसी. माझ्या बरोबरच्या पोराने तोवर एक हात पॅनलच्या पत्र्यावर टेकवला होता आणि दुसऱ्या हातात पाना होता. मी फक्त "हात मागे" एवढंच म्हणालो. पोरगं आज स्वतः सुपरवायझर आहे, अजूनही भेटलं की तो हात दाखवतं.

म्हणून क्रम असा. मेन बंद, कुलूप लावा, किल्ली स्वतःच्या खिशात. पाटीवर लिहिलंय तेवढं थांबा. मग मीटर आधी एखाद्या चालू सॉकेटवर लावून बघा की तो दाखवतोय. मग डीसी प्लस-मायनसवर लावा, डीसी रेंजमध्ये. मग परत त्याच सॉकेटवर. मधल्या मध्ये प्रोबची तार तुटली तर मेलेला मीटर शून्यच दाखवतो, आणि ते शून्य बघून माणूस हात घालतो. मीटर कॅट थ्री (मीटरवर लिहिलेला सुरक्षिततेचा दर्जा), ६०० व्होल्टच्या खालचा नको. रस्त्यावरचा दोनशे रुपयांचा पिवळा मीटर तर नकोच.

पंपवाला_दिंडोरी

काकांचं वाचून एक सांगावंसं वाटलं. आमच्याकडे शेतावर सोलर पंप बसलाय. त्याच्या कंट्रोलरमध्ये पण ड्राइव्हच असतो. गेल्या वर्षी एक वायरमन आला, बिचाऱ्याने सवयीप्रमाणे मेन स्विच शोधला. अहो, मेन स्विच कुठला? पॅनलवर ऊन पडलंय तोवर वायरीत कित्येकशे व्होल्ट डीसी उभा. डीसी आयसोलेटर पाडला तरी पॅनलकडची बाजू जिवंतच. सूर्याला एमसीबी नसतो हे मी त्याला सांगितलं.

शॉर्टसर्किट

कपॅसिटरचं सोप्पं आहे. मोठा स्क्रूड्रायव्हर आडवा टाका. फट् झालं की सुरक्षित.

निवृत्त_मेंटेनन्स

शॉर्टसर्किट, आयडी शोभतो तुम्हाला. ६८० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ५८६ व्होल्टवर असेल तर त्यात जवळजवळ ११७ ज्यूल असतात. ते सगळे स्क्रूड्रायव्हरच्या टोकाशी, क्षणात. तांबं वितळून डोळ्यात उडतं. टर्मिनल खराब होतं ते वेगळंच.

चार्ज शिल्लक असेल तर १०० वॅटचे दोन जुने, तारेचे बल्ब सिरीजमध्ये जोडून त्यांच्या इन्सुलेटेड प्रोबने खाली करा. एलईडी बल्ब चालत नाही. क्षणभर पेटतात आणि विझतात. मग परत मीटर.

शॉर्टसर्किट

विनोद केला काका. माझ्याकडचा स्क्रूड्रायव्हर आधीच अर्धा आहे, का ते विचारू नका.

तारेवरची_कसरत

मी पॉलिटेक्निकला पॉवर इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. दादा, दोघांच्या भांडणात पडण्याआधी एक प्रश्न. ड्राइव्ह कुठल्या कंट्रोल मोडमध्ये आहे? व्ही/एफ (फ्रीक्वेन्सीप्रमाणे ठरलेले व्होल्ट देणारा) की सेन्सरलेस व्हेक्टर (करंट मोजून चालणारा)? पॅरामीटरमध्ये दिसेल. सगळं उत्तर त्याच्यात असेल असं नाही, पण अर्धं असेल.

आता चाचण्या. काकांनी सांगितलं तसं डीसी बस (कपॅसिटरवरचा तो डीसी) शून्य करून मगच.

यू, व्ही, डब्ल्यू या टर्मिनलवरून मोटरच्या तारा ड्राइव्हच्या बाजूने काढा. मेगर फक्त काढलेल्या तारांवर मारायचा, ५०० व्होल्टवर, प्रत्येक तार ते अर्थ. ड्राइव्हला तारा जोडलेल्या असताना मेगर मारलात तर आयजीबीटी मॉड्यूलच (मोटरला पॉवर देणारे स्विच) जाईल आणि मग तुमचं भांडण सुटेल, कारण ड्राइव्ह खरंच खराब झालेला असेल. मग तिन्ही जोड्यांचा रेझिस्टन्स मोजा. आकडा किती यापेक्षा तिन्ही सारखे आहेत का हे बघा.

मग ड्राइव्ह रिकामा, मोटरशिवाय, व्ही/एफ मोडमध्ये चालवा. व्हेक्टरमध्ये रिकामा चालवू नका, त्याला मोटर सापडत नाही आणि भलताच फॉल्ट देतो. व्ही/एफमध्येही 'आउटपुट फेज लॉस' आला तर तेवढं प्रोटेक्शन तात्पुरतं बंद करा आणि परत चालू करायचं कुठेतरी लिहून ठेवा.

रिकामा असताना ओसी आला तर ड्राइव्ह. नाही आला तर... थांबा, "मोटर" असं लगेच म्हणायचं नाही. आधी हे करून सांगा.

सिन्नरचा_वारा

मोटर नवीन भरलीय ना? मग आधी टर्मिनल बॉक्स उघडा. माझे पैसे स्टार-डेल्टावर (वाइंडिंगची टोकं जोडायच्या दोन पद्धती). आपल्याकडे लहान मोटरी बहुतेक स्टारमध्ये आणि ५ एचपीपासून डेल्टामध्ये असतात. भरणाऱ्याने स्टारचा डेटा घेऊन भरली आणि पट्ट्या डेल्टात लावल्या तर ती करंट पिणारच. मुसळगावच्या एका कारखान्यात हेच पाहिलंय, तीन दिवस ड्राइव्ह उघडत बसले होते.

कडक_चहा

एवढं सगळं घरी करायचं कशाला? परवानाधारक माणूस बोलवा किंवा कंपनीचं सर्व्हिस. ५८६ व्होल्टशी मंचावर वाचून खेळायचं नसतं. उद्या कोणी वाचून हात घातला तर जबाबदार कोण?

अंबडचा_लेथवाला

चहासाहेब, मुद्दा बरोबर आहे. मेन पॅनलचं काम माझा लायसन्सवाला वायरमनच करतो, आजही तोच बरोबर होता. पण कंपनीने हे मॉडेल कधीच बंद केलंय, सर्व्हिस म्हणजे "नवीन घ्या" एवढंच उत्तर. नवीन घ्यायचे पैसे वाइंडिंगमध्ये गेले.

आता निकाल. सकाळी ११ वाजता मेन बंद, कुलूप, किल्ली खिशात. १५ मिनिटांनी डीसी बस ४ व्होल्ट. (सॉकेटवर आधी आणि नंतर बघितलं काका. खरंच मधे एका प्रोबची तार सैल होती! दुसरी जोडी घेतली.)

मेगर: तिन्ही तारांना २०० मेगाओहमच्या वर.
रेझिस्टन्स: २.४, २.४, २.५.
टर्मिनल बॉक्स: डेल्टा, पाटीवरही डेल्टा. वाऱ्याभाऊ, तुमचे पैसे गेले.
रिकामा ड्राइव्ह व्ही/एफमध्ये: ५० हर्ट्झपर्यंत गेला. ट्रिप नाही. डिस्प्लेवर करंट ०.०.

म्हणजे ड्राइव्ह चांगला आणि मोटरही चांगली? मग ओसी कोण देतंय, माझी सासू?

मोड विचारला होतात ताई. तो व्हेक्टरमध्ये होता. पूर्वीही तसाच होता, कमी आरपीएमला जोर हवा म्हणून.

अजून एक. आउटपुटला मल्टीमीटर लावला तर कधी ४७०, कधी ५२० दाखवतोय. सप्लाय ४१५ असताना बाहेर ५२० कसे?

सिन्नरचा_वारा

पैसे कुठले, त्याऐवजी मिसळ देतो. अजून देणं लागतो.

निवृत्त_मेंटेनन्स

आउटपुटचा आकडा सोडून द्या. ड्राइव्ह बाहेर साइन वेव्ह देत नाही, सेकंदाला हजारो तुकडे करून डीसी फेकतो. साधा मीटर त्यात गोंधळतो. लो-पास फिल्टरवाला ट्रू आरएमएस मीटर असेल तरच तो आकडा खरा. तिन्ही जोड्यांत साधारण सारखं दिसतंय का एवढंच बघा.

मधल्या वेळात डायोड टेस्ट करून घ्या, डीसी बस शून्य आणि आत-बाहेरच्या सगळ्या तारा सुटलेल्या असताना. मीटर डायोडवर. काळा प्रोब डीसी प्लसवर, लाल आर, एस, टी (सप्लायची टर्मिनल), यू, व्ही, डब्ल्यू असा फिरवा. मग लाल डीसी मायनसवर आणि काळा फिरवा. प्रत्येक ठिकाणी ०.३ ते ०.५ च्या आसपास, आणि एका गटातले तिन्ही एकमेकांच्या जवळ. प्रोब उलटे केले की उघडं. उलट्यात आकडा हळूहळू चढत जाऊन मग उघडं दिसेल, तो कपॅसिटर भरतोय, घाबरू नका. कुठे शून्य दिसलं तर मॉड्यूल शॉर्ट.

तारेवरची_कसरत

दादा, "ड्राइव्ह चांगला" असं अजून सिद्ध झालेलं नाही. फक्त एवढंच झालंय की करंट नसताना तो चांगला आहे. ड्राइव्हवाल्याच्या टेबलावरही तो असाच चालला असणार, रिकामा. म्हणून तो खोटं बोलत नाहीये, त्याने अर्धीच चाचणी केलीय.

आता व्ही/एफमध्येच ठेवून मोटर जोडा. पट्टा काढा, चकशी संबंध नको. ५ हर्ट्झपासून सावकाश वर न्या. तीन गोष्टी बघा: मोटर फिरते का, प्रत्येक तारेवर क्लॅम्प मीटर काय दाखवतो, आणि त्याच वेळी ड्राइव्हचा डिस्प्ले काय दाखवतो. क्लॅम्पचा आकडा ४०-५० हर्ट्झला घ्या, बरेचसे क्लॅम्प मीटर त्याखाली चुकतात.

कारण सांगते. व्ही/एफमध्ये ड्राइव्ह आंधळा चालतो. इतक्या फ्रीक्वेन्सीला इतके व्होल्ट, संपलं. करंट तो फक्त ट्रिपसाठी आणि डिस्प्लेसाठी मोजतो. व्हेक्टरमध्ये मात्र तो मोजलेल्या करंटवर विश्वास ठेवून पुढचं पाऊल टाकतो. मोजमापच खोटं असेल तर तो स्वतःच करंट वाढवत नेतो आणि मग स्वतःच ओरडतो. व्ही/एफमध्ये मोटर फिरली आणि व्हेक्टरमध्ये नाही, तर मला मोटरवर नाही, करंट फीडबॅकवर संशय येईल.

पंपवाला_दिंडोरी

ताई, हे म्हणजे गाडीचा काटा बिघडला म्हणून ड्रायव्हर ब्रेक मारतोय.

तारेवरची_कसरत

ब्रेक मारला असता तर बरं. हा काटा उलटा फिरतोय बघून ॲक्सिलरेटर दाबतोय.

ओझरचा_फिटर

ऑसिलोस्कोप असेल तर करंट सेन्सरचं आउटपुट सरळ बघता येईल ना? माझ्याकडे आहे, घेऊन येतो.

निवृत्त_मेंटेनन्स

फिटर, जरा थांब बाळा. तुझ्या स्कोपला डिफरेन्शियल प्रोब आहे का? नसेल तर आणू नकोस.

स्कोपच्या प्रोबची क्रोकोडाइल क्लिप ही स्कोपच्या अर्थ पिनलाच जोडलेली असते. ती ड्राइव्हच्या डीसी मायनसला लावलीस की तो सरळ अर्थला शॉर्ट. बऱ्याच छोट्या ड्राइव्हमध्ये तर कंट्रोल बोर्डचा 'शून्य' म्हणजेच डीसी मायनस असतो, आयसोलेशन नसतंच. मग हुशार लोक काय करतात? प्लगची अर्थ पिन कापतात. ९० च्या दशकात मीपण कापली होती. शॉर्ट झाला नाही, वेव्ह छान दिसली. मग मी ब्राइटनेसचं बटण फिरवायला हात लावला. त्या वेळी स्कोपची सगळी पत्र्याची बॉडी जिवंत होती. मी स्टुलावरून उडून मागच्या ड्रॉइंग बोर्डवर पडलो आणि बोर्ड मोडला. साहेबांनी बोर्डाबद्दल मेमो दिला, माझ्याबद्दल चौकशीपण नाही केली.

ओझरचा_फिटर

नाही आणत.

कडक_चहा

हेच म्हणत होतो मी.

अंबडचा_लेथवाला

दोन दिवस ऑर्डर होत्या म्हणून उशीर. (आणि गंगापूर रोडला वाऱ्याभाऊंनी मिसळ दिली. पापड, दही, सगळं. मानलं.)

काकांची डायोड टेस्ट: सगळे ०.३६ ते ०.४१. एकही शून्य नाही.

आता गंमत. व्ही/एफमध्ये मोटर फिरली! पट्टा काढलेला, ४५ हर्ट्झला क्लॅम्प मीटरवर तिन्ही तारा ३.३, ३.४, ३.३. शांत. पण ड्राइव्हचा डिस्प्ले ३.९ पासून ५.८ पर्यंत नाचतोय. एका जागी टिकत नाही. भराभर वेग वाढवला तर ओसी.

तारेवरची_कसरत

सापडला. म्हणजे जवळजवळ.

दादा, क्लॅम्प म्हणतोय तिन्ही सारखे आणि स्थिर. ड्राइव्ह म्हणतो नाचतायत. मोटर तीच, तारा त्याच. फरक फक्त मोजणाऱ्याचा. डीसी बस शून्य करून कव्हर उघडा आणि यू, व्ही, डब्ल्यूच्या टर्मिनलपासून आत मागे मागे जा. जुन्या ड्राइव्हमध्ये आउटपुटच्या तारा छोट्या चौकोनी, मध्ये भोक असलेल्या ठोकळ्यांतून गेलेल्या दिसतील. ते हॉल सेन्सर, करंट मोजणारे. किती आहेत? दोन की तीन? प्रत्येकावर बाण आहे, तो कुठे बघतोय? काहीही हलवण्याआधी फोटो काढा.

अंबडचा_लेथवाला

दोन आहेत. यू आणि डब्ल्यूच्या तारेवर. व्हीच्या तारेवर काहीच नाही, ती सरळ टर्मिनलला गेलीय. कोणी एक सेन्सर काढून टाकलाय का?

तारेवरची_कसरत

नाही, दोनच असणं बरोबर आहे. तीन तारांत जाणारा आणि येणारा करंट मिळून बेरीज शून्य. म्हणून दोन मोजले की तिसरा वजाबाकीने काढता येतो: व्ही म्हणजे उणे (यू अधिक डब्ल्यू).

आता समजा डब्ल्यूचा सेन्सर उलटा मोजतोय. मग ड्राइव्हच्या हिशोबात व्ही होतो उणे (यू वजा डब्ल्यू). तीन फेजमध्ये यू वजा डब्ल्यू म्हणजे एका फेजच्या १.७३ पट! म्हणजे ड्राइव्हला वाटतं व्हीमध्ये पावणेदोन पट करंट वाहतोय. ३.४ चे ५.९ होतात. तुमच्या डिस्प्लेवर वरचा आकडा किती होता? ५.८.

तीन सेन्सर असते तर बेरीज शून्य आली नसती आणि ड्राइव्हने 'ग्राउंड फॉल्ट' दिला असता, ओसी नाही. दोन असल्यामुळे त्याला कळायला मार्गच नाही.

सिन्नरचा_वारा

हे शाळेत वर्गमूळ तीन कशाला शिकवतात म्हणून मी मार खाल्ला होता.

ओझरचा_फिटर

ताई, पण सेन्सरच आतून खराब असेल तर? बाण बरोबर असून?

तारेवरची_कसरत

बरोबर विचारलंस. म्हणून आधी टेबलावर तपासायचं, ड्राइव्हला सप्लाय न देता. सेन्सरच्या बोर्डाला बाहेरून ५ व्होल्ट द्या (सेन्सरवर काय लिहिलंय ते बघून, काहींना उणे-अधिक १५ लागतात). करंट नसताना ५ व्होल्टवाल्याचं आउटपुट मधोमध, २.५ व्होल्ट यायला हवं.

मग १० अँपिअर कुठून आणायचे? आणायचे नाहीत. पातळ इन्सुलेटेड तार भोकातून पाच वेळा ओवा, एकाच दिशेने, आणि बेंच सप्लायने तिच्यातून २ अँपिअर सोडा. सेन्सरला ते १० दिसतात. हॉल सेन्सर डीसी वाचतो म्हणून हे जमतं, साध्या सीटीवर (करंट ट्रान्सफॉर्मर) जमणार नाही. बाणाच्या दिशेने करंट गेला तर आउटपुट २.५ च्या वर, उलटा गेला तर तेवढाच खाली. दोन्ही सेन्सरला सारखाच फरक यायला हवा.

अंबडचा_लेथवाला

भाचा इंजिनिअरिंगला आहे, त्याने बेंच सप्लाय आणला. रात्री ९ वाजता शेडचं शटर अर्धं पाडून बसलो. बाहेर पाऊस.

आउटपुटच्या तारा टर्मिनलपासून सोडल्या, सेन्सरचा छोटा बोर्ड बाहेर घेतला. भाच्याने लाल तार पाच फेरे ओवली.

पहिला सेन्सर: २.५० होता, २ अँपिअर सोडल्यावर २.७५. तार उलटी केल्यावर २.२५.
दुसरा सेन्सर: २.५०, २.७५, २.२५.

दोन्ही ठणठणीत! माझा चेहरा पडला, म्हटलं हेपण बरोबर निघालं. भाचा म्हणाला, मामा, सोडण्याआधी काढलेला फोटो दाखव.

फोटोत यूची तार बाणाच्या शेपटाकडून आत शिरून टोकाकडून बाहेर पडलीय. डब्ल्यूची तार टोकाकडून आत. रिपेअर करताना मॉड्यूल बदललं, तेव्हा तारा काढल्या असणार आणि परत ओवताना डब्ल्यूची उलट्या बाजूने ओवली. सुईत दोरा मागून घातला, बस. सेन्सर चांगला, मॉड्यूल चांगलं, मोटर चांगली.

पंपवाला_दिंडोरी

एका तारेच्या ओवण्यावरून अख्खी मोटर भरली. अरेरे.

निवृत्त_मेंटेनन्स

शाब्बास भाच्याला. पण आता घाईने सप्लाय देऊ नका. ड्राइव्ह उघडून जोडलाय. आधी सगळे स्क्रू नीट आवळलेत का, आत एखादा वॉशर पडलाय का ते टॉर्चने बघा. मग पहिला सप्लाय फक्त दोन फेजमधून, एका फेजमध्ये १०० वॅटचे तेच दोन बल्ब सिरीजमध्ये घालून. कव्हर लावून, आणि मोटर न जोडता. बल्ब क्षणभर उजळून मंद झाले तर ठीक. भक्कन पेटून तसेच राहिले तर आत शॉर्ट आहे, बल्बांनी तुमचं मॉड्यूल वाचवलं. बल्ब असताना रन दाबायचं नाही. ड्राइव्ह 'अंडरव्होल्टेज' म्हणेल, म्हणू द्या.

आणि तारा परत लावताना यू, व्ही, डब्ल्यू अदलाबदल झाली तर फक्त फिरण्याची दिशा बदलेल. पण मेनच्या तारा चुकून यू, व्ही, डब्ल्यूला लागल्या तर ड्राइव्ह तिथेच संपला. सेकंडहँड ड्राइव्हवर अक्षरं पुसलेली असतात. मार्करने लिहा.

अंबडचा_लेथवाला

बल्ब उजळले, मंद झाले. ड्राइव्ह म्हणाला अंडरव्होल्टेज. बल्ब काढले, पूर्ण सप्लाय, रिकामा चालवला. परत बंद, थांबलो, मोजलं, मोटर जोडली. व्ही/एफ, पट्टा काढलेला, ४५ हर्ट्झ. क्लॅम्प ३.४, डिस्प्ले ३.३. नाचत नाही. भाच्याने व्हिडिओ काढला त्यात नुसता स्थिर आकडा आहे, दोन मिनिटं. आम्ही तो तीनदा बघितला.

फेज लॉसचं प्रोटेक्शन परत चालू केलं ताई, शटरवर खडूने लिहून ठेवलं होतं. मग ऑटोट्यून (ड्राइव्ह स्वतः मोटर मोजून घेतो), मग व्हेक्टर. आज सकाळी पट्टा चढवला आणि ४० मिमीचा ईएन-८ स्टीलचा बार लावला. ८० आरपीएमला कट घेतला, दबला नाही.

ड्राइव्हवाल्याला फोटो पाठवला. दोन निळ्या टिका आल्या. उत्तर नाही.

कडक_चहा

अभिनंदन. माझा विरोध कायम आहे, पण फोटो काढायची सवय आमच्याकडे पण लावतो.

सिन्नरचा_वारा

आणि वाइंडिंगवाल्याला सॉरी म्हणालात का?

अंबडचा_लेथवाला

गेलो होतो. म्हणाला, "जुनं वाइंडिंग चांगलंच होतं, मी तेव्हाच बोललो होतो, तुम्हीच म्हणालात भरा." हे मी खरंच म्हणालो होतो. त्याने चहा पाजला.

शॉर्टसर्किट

धागा संपत आलाय म्हणून विचारतो. माझ्या पिठाच्या गिरणीला १० एचपीची मोटर आणि ड्राइव्ह आहे. ड्राइव्ह आणि मोटरच्या मध्ये कोणीतरी पॉवर फॅक्टरचा कपॅसिटर लावलाय. राहू देऊ का?

निवृत्त_मेंटेनन्स

आज काढा. मेन बंद करून, कुलूप लावून, मोजून. आणि तो अर्धा स्क्रूड्रायव्हर घरी ठेवा.